गृहस्थाचे संधिकर्म : प्रस्तावना

आमच्या घरी फणसाच्या लाकडाचा एक जुना पाट आहे. तो कोणी घडवला याचा दाखला घरात कोठे नाही. परंतु माझ्या स्मरणात तो जेव्हापासून आहे, तेव्हापासून त्याच्या मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक भेग आहे. वैशाखात ती एवढी रुंदावते की पाटावर सांडलेला तांदळाचा दाणा तिच्यातून खाली जमिनीवर पडतो. आणि कार्तिकात, जेव्हा कावेरीच्या या खोऱ्यावर ईशान्येचा पाऊस दिवसचे दिवस कोसळत असतो, तेव्हा तीच भेग मिटून तिच्या जागी काळी रेघ तेवढी उरते. लहानपणी मी समजत असे की लाकूडच हिणकस निघाले. पुढे एकदा दाराचे काम करण्यास आलेल्या वृद्ध आसारींनी, म्हणजे सुतारांनी, तो पाट सहज उचलला, उलटा केला, आणि खालच्या दोन आडव्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवीत ते म्हणाले, ‘लाकडाचा दोष नाही, खिळ्यांचा आहे.’ प्रत्येक पट्टीत चार लोखंडी खिळे, दोन मध्यभागी व दोन अगदी कडांशी, असे पक्के ठोकलेले होते. फळीला उन्हाळ्यात आकसायचे होते आणि पट्टी तिला आकसू देत नव्हती. दोहोंच्या ओढाताणीत जे दुर्बळ होते ते फाटले.

ज्या विषयाचा परिचय करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे, त्याचे सारे मर्म त्या उलट्या केलेल्या पाटात मला प्रथम दिसले. आपल्या घरातील फडताळ, मांडणी, ओट्याखालची कपाटे, दारे-खिडक्यांची किरकोळ दुरुस्ती ही कामे गृहस्थाने अथवा गृहिणीने स्वतःच्या हाताने कशी करावीत, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे. माझे स्वतःचे स्वयंपाकघर नव्याने मांडताना ज्या टिपा मी वहीत करीत गेलो, ज्या चुका केल्या आणि ज्या दुरुस्त केल्या, त्यांचाच हा व्यवस्थित केलेला संग्रह होय. मी व्यवसायाने सुतार नाही. म्हणूनच नवशिक्याचा हात नेमका कोठे अडतो, कोणत्या गोष्टी कसबी कारागिराला इतक्या स्वाभाविक वाटतात की त्या सांगाव्यात हेही त्याच्या ध्यानी येत नाही, याची नोंद मला अधिक बारकाईने ठेवता आली, असे मला नम्रपणे वाटते.

हे पुस्तक तंजावरात, आणि तेही मराठीत का लिहावे, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचे उत्तर या नगराच्या इतिहासातच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, येथे भोसल्यांचे राज्य स्थापणाऱ्या व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे कावेरीतीरी आली, ती १८५५ साली राज्य खालसा झाल्यानंतरही येथेच राहिली; तमिळ भूमीच्या अन्नावर वाढली, आणि घरात मराठी बोलत राहिली. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा सविस्तर इतिहास देवनागरी अक्षरांत कोरला गेला तो मराठीत. राज्याचे दप्तर, त्यातील जिन्नसवार हिशेब, हुकूम आणि याद्या मोडीत लिहिल्या गेल्या त्या मराठीत. आणि त्याच घराण्यातील सरफोजी महाराजांनी देवनागरी छापखाना घातला तेव्हा १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या कथांचे पुस्तक येथे छापले गेले तेही मराठीत. ज्या राजाने शरीररचनेचे ज्ञान डोळ्यांना दिसावे व हाताला लागावे म्हणून मानवी अस्थिपंजर हस्तिदंतात करवून संग्रही ठेवला, ज्याच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयात वेदान्ताच्या पोथ्यांशेजारी वैद्यक, गजशास्त्र, अश्वशास्त्र आणि ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ यांनाही मानाची जागा मिळाली, त्याच्या नगरात पाकगृहाच्या रचनेवर मराठीत चार शब्द लिहिणे हे परंपरेस सोडून होणार नाही. मराठी राज्यकारभारात राजवाड्याच्या पाकगृहास मुदपाकखाना म्हणत आणि तो स्वतंत्र कारखाना मानला जाई. त्याचा बंदोबस्त, त्याची मोजदाद, त्याची कोठी यांचा हिशेब दौलतीच्या इतर हिशेबांइतक्याच काटेकोरपणे ठेवण्याची रीत होती. चुलीभोवतालच्या चार भिंतींचा विचार गंभीरपणे करणे यात आपल्या पूर्वजांना कमीपणा वाटत नव्हता. आपणही तो वाटून घेऊ नये.

लाकडाच्या जोडाला आपल्या प्राचीन शिल्पग्रंथांनी जे नाव दिले आहे तेच मी शीर्षकात घेतले आहे. दक्षिणेत ज्याचे प्रामाण्य विशेष आहे त्या ‘मयमत’ ग्रंथात, आणि ‘मानसार’ ग्रंथातही, ‘संधिकर्म’ या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. तुळया कशा जोडाव्यात, कोणत्या अंगाने खाच घ्यावी, मूळ आणि शेंडा यांचा विचार कसा करावा, हे त्यात सांगितले आहे. व्याकरणातही आपण संधी हाच शब्द वापरतो. आणि तेथे दोन वर्ण एकत्र येताना दोघांपैकी एक तरी आपले रूप थोडे बदलतो, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. सुताराच्या संधीतही तेच घडते. एका लाकडाला कुसू काढावे लागते, दुसऱ्याला त्या मापाची खाच घ्यावी लागते. दोघांनीही थोडे थोडे गमावल्यावाचून जोड होत नाही. खिळ्याने दोन फळ्या एकमेकींवर दडपणे ही बळजबरी आहे, तिला संधी म्हणता येत नाही. आणि माझ्या पाटाची भेग त्या बळजबरीचा दाखला आहे.

आता लाकडाच्या स्वभावाकडे वळू, कारण तो ध्यानात आला नाही तर उत्तमोत्तम हत्यारेही व्यर्थ होत. लाकूड कापले, वाळवले, रंधले, त्यावर रोगण चढवले, तरीही ते हवेतील ओल शोषणे आणि सोडणे थांबवीत नाही. ओल आली की फळी रुंदीत फुगते, ओल गेली की रुंदीत आकसते. लांबीत मात्र तिच्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. ओंडक्याच्या वार्षिक वलयांच्या अंगाने होणारे आकुंचन हे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील आकुंचनाच्या सुमारे दुप्पट असते, आणि म्हणूनच साध्या पद्धतीने कापलेली रुंद फळी वाळताना पन्हळीसारखी वाकते. तंजावरात हा फरक विशेष जाणवतो. येथे चैत्र-वैशाखाची काहिली भाताच्या रिकाम्या खाचरांना भेगा पाडते, आणि आश्विन-कार्तिकात, तमिळ पंचांगातील ऐप्पसि व कार्तिगै या महिन्यांत, तीच खाचरे पाण्याने तुडुंब भरतात. भिंती घामेजतात, मीठ पाझरते, कपाटाची दारे चौकटीत घट्ट बसतात. चौदा इंच रुंदीची सागाची फळी या दोन ऋतूंच्या दरम्यान रुंदीत एका सुताच्या आसपास, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्याइतकी, हलते. एक सूत ही काही मोठी बाब नव्हे असे वाटेल. परंतु त्याच एका सुताने माझा पाट फाडला.

यावरून पहिला नियम असा निघतो की ऐप्पसीत अडकणारे दार त्याच महिन्यात रंधू नये. पहिल्या वर्षी मी तेच केले. दार अडले म्हणून त्याची कड मी रागाच्या भरात दोन सूत रंधून काढली. ते सुरळीत लागू लागले याचे मला समाधान वाटले. आणि पुढच्या वैशाखात त्याच दाराच्या कडेतून बाहेरच्या उन्हाची एक उभी पट्टी थेट देवघरापर्यंत येऊ लागली. रंधलेले लाकूड परत येत नाही. दार अडले तर प्रथम बिजागऱ्यांचे स्क्रू सैल झाले आहेत का ते पाहावे, कारण पुष्कळदा दोष तेथेच असतो. नंतर कोठे घासते ते खडू लावून शोधावे. आणि तरीही रंधणे भाग असेल तर पाऊस सरून पौष लागेपर्यंत धीर धरून, मग हात लावावा.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे, आणि जुन्या घरांच्या दारांत तो डोळ्यांसमोर उभा असतो. चार बाजूंच्या चौकटीत दिला, म्हणजे मधली फळी, बसवलेले जे दार आपण नित्य पाहतो, त्यातील चौकट कुसू व खाच यांनी पक्की जोडलेली असते. परंतु मधला दिला चौकटीच्या आतील खोबणीत नुसता सरकवलेला असतो, त्यास सरस लावलेला नसतो, खिळा मारलेला नसतो. खोबण दिल्याहून किंचित खोल ठेवतात, आणि ती उरलेली पोकळी हीच त्या दाराच्या दीर्घायुष्याची तजवीज असते. पावसाळ्यात दिला त्या पोकळीत फुगतो, उन्हाळ्यात मागे सरतो. चौकटीचे माप बदलत नाही, दाराचा आकार बदलत नाही, आणि आत लाकूड श्वास घेत राहते. अननुभवी मनुष्य दिला हलतो म्हणून त्यास कच्चे काम समजतो आणि कडेने सरस ओततो. एका ऋतूतच दिला उभा चिरतो. घट्ट धरणे आणि मोकळे ठेवणे या दोन क्रिया एकाच वस्तूत, एकाच वेळी, योग्य ठिकाणी करता येणे हे सुतारकामातील खरे कौशल्य होय. आणि या नगरीतील मराठी घरांकडे पाहताना मला पुष्कळदा वाटते की तमिळ भूमीच्या चौकटीत आमची भाषा जी इतकी वर्षे न चिरता राहिली, तीही तिला कोणी तेथे सरसाने चिकटवले नाही म्हणूनच.

लाकूड कोणते घ्यावे, याचा तपशील दुसऱ्या प्रकरणात आहे. येथे इतकेच सांगतो की स्थानिक ज्ञानाची अवहेलना करू नये. सागाचा गाभा ओल व कीड या दोहोंस सहसा दाद देत नाही. परंतु त्याच ओंडक्याचे सालीजवळचे फिकट लाकूड तितकेच निर्बळ असते, आणि स्वस्तात मिळालेल्या सागात तेच अधिक असते, हे खरेदीपूर्वी पाहावे. कडुनिंबास वाळवी सहसा लागत नाही. फणसाचे लाकूड पिवळे, पुढे तांबूस होत जाणारे, रंध्यास मऊ आणि वजनास हलके असते. पण्रुट्टीच्या बाजूचे फणस आणून तंजावरचे कारागीर वीणा घडवतात, आणि या वीणेस २०१३ साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. तंजावरी वीणेतील सर्वांत मोलाची ती एकांड वीणा, म्हणजे भोपळा, दांडी आणि मान ही सारी एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली, ज्यांच्यात एकही सांधा नाही. परंतु ती घडवण्यासाठी सबंध ओंडका निर्दोष लागतो आणि कारागिराची पिढीजात नजर लागते. आपल्यासारख्या गृहस्थास एकांडाचा लोभ धरता येत नाही. आपला मार्ग सांध्याचा, आणि म्हणून सांधा शिकणे प्राप्त आहे.

प्लायवूडविषयी जुन्या पिढीत जो आकस आहे तो मला मान्य नाही. पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवल्यामुळे एका पापुद्र्याचे फुगणे दुसरा रोखून धरतो, आणि म्हणून जेथे रुंद, सपाट व न हलणारा पृष्ठभाग हवा, उदाहरणार्थ कपाटाच्या पेटीस, तेथे प्लायवूड हेच योग्य. तंजावरची चित्रेसुद्धा, ज्यांना तमिळमध्ये पलगै पडम म्हणजे फळीवरचे चित्र असेच म्हणतात, पूर्वी फणसाच्या फळीवर काढीत आणि आता बहुतांशी प्लायवूडवर काढतात. ज्यांनी सोन्याच्या वर्खाचे काम त्याच्या भरवशावर सोडले, त्यांनी विचार केलाच असेल. मात्र ओट्याखाली, विशेषतः मोरीजवळ, आयएस ७१० या प्रमाणाचा शिक्का असलेलेच मरीन प्लायवूड वापरावे. त्याच्या परीक्षेत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरीही पापुद्रे सुटता कामा नयेत अशी अट आहे. भुशाच्या दाबीव फळ्यांची तयार कपाटे मी एकदा एका दुकानातून, ती ओल सोसतील या तोंडी हमीवर, घेतली होती. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या खालच्या कडा पावासारख्या फुगल्या, बिजागऱ्यांचे स्क्रू भुशातून ओघळून बाहेर आले, आणि एके सकाळी दुधाचे पातेले काढताना दार माझ्या पत्नीच्या हातात आले. हे पुस्तक लिहिण्याचे एक कारण ते हातात आलेले दार आहे.

स्वयंपाकघराची रचना हा पुस्तकाचा मध्यवर्ती भाग आहे. युरोपात या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी करणाऱ्यांत मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंचे नाव अग्रगण्य आहे; १९२६ साली त्यांनी फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे आटोपशीर स्वयंपाकघर आखले, काम करणाऱ्या बाईची पावले मोजून प्रत्येक खण आणि प्रत्येक फळी तिच्या हाताच्या टप्प्यात आणली, आणि ते सुमारे दहा हजार घरांत बसवले गेले. त्यांची दृष्टी घेण्याजोगी आहे. त्यांची मापे मात्र जशीच्या तशी उचलू नयेत. कारण आपल्या घरातील बाईची उंची वेगळी, आपले अन्न वेगळे, आपली भांडी वेगळी. बाजारात मिळणाऱ्या तयार कपाटांवर ओट्याची उंची एकच धरलेली असते. ती सोडून, जी व्यक्ती रोज तेथे उभी राहते तिला अनवाणी सरळ उभे करावे, कोपर काटकोनात वाकवण्यास सांगावे, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यावे, आणि त्यातून चार इंच वजा करावेत. ही ओट्याची उंची. आमच्या घरी ती साडेतेहतीस इंच निघाली, तर पूर्वीचा ओटा छत्तीस इंचांचा होता. माझ्या आईच्या खांद्याचे दुखणे आम्ही वयावर ढकलत होतो, ते त्या अडीच इंचांत होते. ज्या पिढीने पाटावर बसून विळीने चिरले आणि पाट्यावर वाटले, तिला उभ्याच्या ओट्यावर आणताना कोणी तिचे माप घेतले नाही, ही खंत मला आजही आहे.

तंजावरच्या मराठी स्वयंपाकघरात दोन प्रांतांच्या वस्तू एकत्र नांदतात. मिसळणाच्या डब्याशेजारी तमिळ घरातली मसाल्यांची लाकडी अंजरैप्पेट्टी असते. पोळपाटाच्या वर इडलीचे पात्र असते. कुंभकोणचा पितळी कॉफी फिल्टर नित्य हाताशी लागतो. आणि रगड्याची जागा घेतलेला वेट ग्राइंडर, आतल्या दगडांमुळे, उचलताना दोन्ही हात मागतो. म्हणून मांडणी आखण्यापूर्वी घरातील प्रत्येक जिनसाची यादी करावी आणि तीन सदरे पाडावीत : रोज लागणारे, आठवड्यातून लागणारे, सणावारी लागणारे. पहिले सदर कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, दुसरे गुडघ्यापाशी किंवा कपाळाच्या वर, तिसरे माळ्यावर, ज्यास येथे परण म्हणतात. जड ते नेहमी खाली. ग्राइंडर ठेवण्याची फळी जितकी आखूड तितकी बरी. कारण तेवढ्याच भाराखाली फळीची लांबी दुप्पट केली की तिचा बाक दुप्पट होत नाही, आठपट होतो. उलट जाडी दुप्पट केली की तो आठव्या हिश्श्यावर येतो. फळी झुकू लागली म्हणजे अधिक महाग लाकूड आणण्यापूर्वी मध्ये एक टेकू द्यावा, हा या गणिताचा व्यावहारिक अर्थ.

ओट्याच्या दगडाविषयी एक सूचना येथेच करतो. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, आणि आंबट पदार्थ चुनखडीस खातो. ज्या घरात चिंचेचा कोळ रोज निघतो आणि लिंबू रोज पिळले जाते, तेथे कडप्प्याची झिलई काही महिन्यांत जाऊन पांढुरके डाग पडतात. म्हणून कडप्पा ओट्याखालच्या कप्प्यांस वापरावा, तेथे तो ओलीस व वाळवीस कधीच बधत नाही. वरचा ओटा ग्रॅनाइटचा करावा. दगडाच्या पुढच्या कडेस खालच्या बाजूने एक बारीक खोबण कापून घ्यावी. पाणी त्या खोबणीपाशी थबकून खाली ठिबकते आणि कपाटाच्या दारापर्यंत पोहोचत नाही. चार फुटांची ती खोबण कापण्यास दगडकाम्यास फारसा वेळ लागत नाही, आणि कपाटाचे आयुष्य ती कित्येक वर्षांनी वाढवते.

किडीच्या बंदोबस्तासाठी मला उत्तम धडा सरस्वतीमहालाच्या ग्रंथालयाने दिला. तेथील ताडपत्रांच्या व कागदी पोथ्यांमध्ये वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर अशा जिनसांच्या पुरचुंड्या ठेवण्याची जुनी रीत आहे. हे सारे जिन्नस घरातलेच. तेथून ते ग्रंथालयात गेले असतील, तर त्यांना परत घरी आणण्यास कोणाची हरकत असणार? धान्याच्या कपाटाच्या कोपऱ्यात वेखंडाच्या दोन कांड्या कापडात बांधून मी ठेवतो आणि दर पावसाळ्याच्या आरंभी त्या बदलतो. वाळवीसाठी मात्र पुरचुंडी पुरत नाही. तेथे लाकडाचा जमिनीशी व भिंतीशी स्पर्शच होऊ न देणे, कपाटास चार बोटे उंचीचा दगडी किंवा पोलादी पाया देणे, आणि मागे हवा खेळण्यास जागा ठेवणे हाच खरा उपाय.

काही कामे या पुस्तकात मुद्दाम घेतलेली नाहीत. गॅसची नळी जोडणे, विजेचे नवे कनेक्शन ओढणे, भिंत फोडून नळ फिरवणे ही कामे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावीत. गॅसपुरते एवढे मात्र प्रत्येकाने जाणावे की घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळल्यास खाली, जमिनीलगत साचतो, म्हणून १४.२ किलोची टाकी ज्या कपाटात उभी ठेवायची, त्याच्या दारास जाळी अगदी खालच्या अंगास द्यावी, आणि ते कपाट सुबक दिसावे या हौसेने कधीही बंदिस्त करू नये.

या पुस्तकामुळे कारागिराच्या पोटावर पाय येईल, अशी शंका एका स्नेह्याने बोलून दाखवली. माझा अनुभव उलट आहे. येथे सुतारास आसारी म्हणतात, आणि हा शब्द आचार्य या शब्दापासून आला आहे. मराठीत आचारी म्हणजे स्वयंपाकी. म्हणून लहानपणी घरात कोणी ‘आसारी आले’ म्हटले की मला जेवणावळीचा वास येई. आज त्या नावातील आचार्यपण मला अधिक समजते. ज्याने स्वतः एकदा कुसू काढून पाहिले आहे आणि ते अर्धा सूत सैल बसलेले पाहून खालमानेने नवे लाकूड घेतले आहे, तो आसारींशी मजुरीची घासाघीस करीत नाही. त्यांच्या हाताकडे पाहतो. आपल्या सुशिक्षित वर्गाने हाताच्या कामाची जी शतकानुशतके उपेक्षा केली, तिचे प्रायश्चित्त भाषणांनी होणार नाही. हातात पटाशी घेऊन, तिला धार लावून, बोट कापून घेऊन, पुन्हा धार लावून ते करावे लागेल. ज्या वृद्ध आसारींनी माझा पाट उलटा करून दाखवला, त्यांनी पुढे दोन पावसाळे मला आपल्याजवळ बसू दिले. या पुस्तकात जे बरोबर आहे ते त्यांचे, आणि जे चुकले असेल त्याचा जिम्मा माझा.

हत्यारांचा संच लहान ठेवावा. मोजपट्टी, गुण्या, ओळंबा, पाणसळ, एक बारीक दाताची करवत, एक रंधा, पाव व अर्ध्या इंचाच्या दोन पटाश्या, हातोडी, पेचकस, आणि भोके पाडण्यासाठी एक साधे ड्रिल. इतक्यावर या पुस्तकातील तीन चतुर्थांश कामे होतात. यंत्राची करवत घेण्याची घाई करू नये. हाताच्या करवतीने सरळ रेघ कापता येऊ लागेपर्यंत रेघेचा मान कळत नाही.

पहिले प्रकरण पाटाचे आहे, आणि ते तसे योजले आहे. पाट ही गृहसुतारकामाची सर्वांत लहान वस्तू. एक फळी आणि दोन पट्ट्या. परंतु तिच्यात साऱ्या शास्त्राची परीक्षा होते. मी जो नवा पाट केला, त्याच्या प्रत्येक पट्टीस तीन पितळी स्क्रू आहेत. मधला घट्ट, आणि कडेच्या दोहोंची भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने सुतभर लांबट केलेली, जेणेकरून फळी फुगली वा आकसली तरी स्क्रू त्या फटीत तिच्याबरोबर सरकावा. त्याच्यावरून अनेक वैशाख आणि अनेक कार्तिक गेले. त्याला भेग नाही.

आज खंडेनवमी. शेजारच्या घरांत आयुधपूजा चालली आहे; आमच्याही घरी हत्यारे पुसून, तेल लावून, गंध-कुंकू वाहून देवासमोर मांडली आहेत, आणि उद्यापर्यंत त्यांस हात लावायचा नाही, म्हणूनच ही प्रस्तावना पुरी करण्यास सवड मिळाली. रंधा, पटाशी, गुण्या आणि ओळंबा ज्या पाटावर मांडले आहेत तो नवा नाही, जुनाच आहे. त्याचे कडेचे खिळे मी केव्हाच काढले. भेग मात्र लांबी भरून बुजवली नाही. बाहेर ईशान्येच्या पावसाचे ढग जमू लागले आहेत, आणि ती आता हळूहळू मिटू लागेल. वाचकाने हे पुस्तक पुढे वाचण्यापूर्वी एकच करावे : आपल्या घरातील सर्वांत जुना पाट शोधावा, तो उलटा करावा, आणि त्याच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवून पाहावा.

तंजावर, खंडेनवमी